घाटावरून घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला त्याचे गाव विचारा. गावाचे नाव तो मागाहून सांगेल. आधी सांगेल, ‘आम्ही घाटावरचे,’ किंवा ‘आम्ही घाटाखालचे.’ चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा ही घाटावरची. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद ही घाटाखालची. ही वाटणी आजकालची नव्हे. मोगलांच्या काळातही वऱ्हाडचे बालाघाट आणि पायनघाट असे दोन भाग मानलेले होते. घाटाखाली काळी जमीन, कापूस, आगगाडी आणि पैसा. घाटावर थंड हवा, हलकी माती आणि, आमच्या मेहुण्यांच्या मते, चांगली माणसे. मेहुणे अर्थातच घाटावरचे. सोयरीक जुळवताना ‘मुलगी घाटाखालची आहे हं’ हे वाक्य काही घरांत जरा सावकाश उच्चारले जाते, असे मी स्वतः ऐकले आहे.

पण ज्या घाटामुळे ही वाटणी झाली, तो खुद्द घाट कुणाचा? ‘आम्ही घाटातले’ असे सांगणारा माणूस फार क्वचित भेटतो. घाट म्हणजे मोटारीतून अर्ध्या-पाऊण तासात उतरून जायची जागा. बुलढाण्याहून मलकापूरला निघाले की राजूरचा घाट लागतो, खामगावला निघाले की बोथ्याचा. वळणे सुरू झाली की मुले ओकतात, बायका आल्याची वडी काढतात, आणि वळणे संपली की सगळे पुन्हा गप्पांना लागतात. त्या वळणांच्या पलीकडे दरी आहे, दरीत जंगल आहे, जंगलात नदी आहे, हे ठाऊक सगळ्यांना असते. पाहिलेले मात्र थोड्यांनी.

मुंबई-पुण्याकडच्या माणसाला तर वऱ्हाडात दरी असते, हेच पटत नाही. त्याने वऱ्हाड पाहिलेले असते ते नागपूरच्या गाडीच्या खिडकीतून. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी एकामागून एक सपाट स्टेशने; दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची शेते, मधून बाभळी, आणि ऊन. त्यात गाडी इथून जाते ती पुष्कळदा मध्यरात्री. पण दिवसाउजेडी कधी हा रस्ता पार करायची वेळ आली, तर दक्षिणेकडच्या खिडकीत बसावे. शेतांच्या पलीकडे एक लांबच लांब, बुटकी, निळसर भिंत सारखी आपल्याबरोबर धावत असते. तीच अजिंठ्याची रांग. पश्चिमेकडे याच रांगेच्या पोटात ती जगप्रसिद्ध लेणी कोरलेली आहेत. इकडे पूर्वेकडच्या भागात लेणी नाहीत, म्हणून प्रवासीही नाहीत.

या भिंतीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर, बुलढाणा वसले आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आले. खाली उन्हाळ्यात अंग भाजून निघते आणि वर संध्याकाळी वारा सुटतो, हे साहेबाच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. जिल्ह्याचे ठाणे त्याने वर नेले. खाली खामगावला कापसाची मोठी बाजारपेठ होती म्हणून आगगाडीचा फाटा १८७० मध्येच जाऊन पोहोचला. बुलढाणा शहराला मात्र रेल्वे अजून भेटलेली नाही. वऱ्हाडातले थंड हवेचे ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचे नाव घेतात. आमचे मेहुणे त्यात बुलढाण्याचेही नाव घालतात. मे महिन्यात मी त्यांच्याशी वाद घालतो. डिसेंबरात घालत नाही.

कारण डिसेंबरातली बुलढाण्याची पहाट ही खरोखरच थंडीची पहाट असते. गेल्या मार्गशीर्षात आम्ही निघालो तेव्हा घराघरांपुढे काटक्यांच्या शेकोट्या धुमसत होत्या आणि कानटोपीतून फक्त नाक बाहेर काढून माणसे दुधाच्या बरण्या नेत होती. आम्ही पाचजण : मेहुणे, आमची सौभाग्यवती, बारा वर्षांचा चिरंजीव, खामगावचे मामा आणि मी. मामांचे वय सत्तरीच्या उंबरठ्यावर. त्यांना नेऊ नये असे सगळ्यांचे मत होते, त्यांचे स्वतःचे सोडून. “तुम्ही वरून खाली उतरणार ना? मग काय! घरी जायचा रस्ता माझा मलाच चालता येणार नाही काय?” असे म्हणून त्यांनी काठी उचलली.

बेत असा होता, की घाटाच्या माथ्यावरून निघायचे, ओढ्याच्या कडेकडेने दरीत उतरायचे, ज्ञानगंगा नदी गाठायची आणि दिवस मावळायच्या आत खालच्या शेतांत बाहेर पडायचे. हा सगळा मुलूख ज्ञानगंगा अभयारण्याचा. १९९७ साली ते जाहीर झाले. क्षेत्रफळ सुमारे २०५ चौरस किलोमीटर. तिथे मनाला येईल तसे पायी भटकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मेहुण्यांनी आठ दिवस आधी वनखात्याची परवानगी काढली होती. बरोबर एक तरुण वनरक्षक आणि जवळच्याच खेड्यातला एक वाटाड्या. वनरक्षकाच्या हातात बंदूक असेल अशी चिरंजीवांची फार आशा होती. त्याच्या हातात बांबूची काठी निघाली. “बोलत बोलत चला,” एवढीच त्याने सूचना दिली. “अस्वलाला आपली चाहूल लागली पाहिजे. त्याला दिसतं कमी. अचानक समोर गेलं की ते घाबरतं, आणि घाबरलं की अंगावर येतं.” सौभाग्यवती त्या दिवशी प्रथमच कुणाच्या सांगण्यावरून बोलत होत्या.

माथ्यावर थोडे थांबलो. इथली एक गंमत सांगण्यासारखी आहे. बुलढाण्याचे पठार म्हणजे घराच्या छपराचा आढा समजा. आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब अलीकडच्या पागोळीने गळतो, पलीकडचा पलीकडे. इथे दक्षिण उतारावर पडलेला पाऊस पैनगंगेला मिळतो. पैनगंगा याच डोंगरात उगम पावते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करीत ते पाणी बंगालच्या उपसागराला जाते. उत्तर उतारावर पडलेला पाऊस ज्ञानगंगेत उतरतो; ती पूर्णेला, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला. एकाच ढगातले दोन थेंब, चार पावलांच्या अंतराने पडलेले, हिंदुस्थानच्या दोन टोकांना जाऊन पोहोचतात. आणि नावे पाहा : पैनगंगा, ज्ञानगंगा, नळगंगा, विश्वगंगा. पाऊस जेमतेम तीस इंच, उन्हाळ्यात निम्म्या नद्या कोरड्या. पण नाव ठेवताना गंगेच्या खाली कुणी उतरायला तयार नाही! बारसे करणाऱ्यांनी पावसाळ्यातच मुहूर्त धरला असावा.

उत्तरेकडे पाहिले तर पायाखाली दरी, दरीच्या तोंडाशी पूर्णेचे विस्तीर्ण खोरे, आणि हवा निवळ असेल तर पार पलीकडे एक अस्पष्ट निळी रेघ. तो सातपुडा. तिथे मेळघाट, १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. म्हणजे या डोंगरात जंगल, त्या डोंगरात जंगल, आणि मधे पन्नासएक किलोमीटरांचा शेतांचा, गावांचा, आगगाडीचा आणि हमरस्त्याचा पट्टा. हे चित्र ध्यानात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

उतार सुरू झाला. या डोंगरांची रचनाच पायऱ्यांची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले. एक थर टणक तर दुसरा ठिसूळ. पाण्याने ठिसूळ थर खाल्ले, टणक उरले. त्यामुळे सरळ घसरगुंडी कुठेच नाही. एक कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. मामा प्रत्येक सपाटीवर थांबून, ‘हे मी तुमच्यासाठी थांबलो’ असे सांगत होते. दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी मातीची एक पट्टी दिसते. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात माती तयार झाली आणि वरून पुन्हा तप्त रस आला. मातीची भाजून वीट झाली. चिरंजीवांनी त्यातला एक खडा खिशात घातला, वनरक्षकाने तो हसतहसत काढून पुन्हा जागच्या जागी ठेवला.

हिवाळ्यातल्या या जंगलाला कोकणच्या किंवा महाबळेश्वरच्या जंगलाची फूटपट्टी लावू नये. इथे हिरवे गर्द काही नाही. सागाची पाने किडीने खाऊन त्यांची जाळी झालेली. उन्हाकडे धरावी तर चाळणीतून पाहिल्यासारखे दिसते. सालईच्या झाडांची पाने बहुतेक गळालेली, आणि त्यांचे गोरेपान, पापुद्रे सुटलेले बुंधे कड्याच्या कडेला उभे. बुंध्याला जरा कुठे खरचटले असेल तिथे डिंक साकळलेला असतो. वाटाड्याने वाळलेला खडा नखाने काढून बोटांवर चोळून आमच्या नाकाशी धरला. देवघरातल्या धुपाचा वास आला. धावडा, तेंदू, खैर, बेल, चारोळी, आपटा आणि मधूनच अंजन. अंजनाचे पान म्हणजे जुळी पाने एका देठावर. आपट्याचा धाकटा भाऊ शोभावा असे. लाकूड मात्र असे कठीण, की वाटाड्याच्या म्हणण्याप्रमाणे “कुऱ्हाड रडते.” पळस अजून काळाभोर आणि पोरका दिसत होता. त्याचे दिवस फाल्गुनात.

पायाखालचा पाचोळा मात्र बोलका. एवढा आवाज करतो, की आपण पाचजण आहोत की पंचवीस, हे कळू नये. आम्ही थांबलो की सगळे जंगल एकदम थांबल्यासारखे वाटे. मग हळूहळू एकेक आवाज परत येई. सातभाईंची भांडणे, टकाचोराची किल्ली फिरवल्यासारखी साद, आणि लांब कुठेतरी मोर. मोराचे ओरडणे पावसाळ्यातच ऐकायचे असते अशी आमची शाळेपासूनची समजूत. इथले मोर क्रमिक पुस्तके वाचत नसावेत.

दुसऱ्या सपाटीवर वाटाडा थबकला आणि त्याने काठीने एक वारूळ दाखवले. वारुळाची एक बाजू उकरून टाकली होती. लाल माती चौफेर उधळलेली, मधोमध हातभर खोल भोक. “रात्रीचं काम हाये,” तो म्हणाला. अस्वल इथे नखांनी वारूळ फोडते, तोंड आत घालते आणि धुराड्यातून वारा ओढावा तशी वाळवी ओढून घेते. त्याच्या वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात मुळातच नसतात; त्या फटीतून हा उद्योग चालतो. थोडे पुढे त्याची विष्ठा पडली होती, नुसत्या बोरांच्या बिया. आमच्या सौभाग्यवतींनी नाकाला पदर लावला. वनरक्षकाने उकिडवे बसून काठीने ती उलगडून दाखवली. एवढ्या बिया अस्वल जंगलभर पेरत फिरते. बोरीच्या जाळीखातर तरी त्याचे आभार मानायला हवेत. ज्ञानगंगेचे जंगल अस्वलांचे आणि बिबटांचे. दगडांच्या कपारी, गुहा, पाणी आणि फळे. अस्वलाला आणखी काय हवे? याच दिवसांत मादी गुहेत विते. पुढे पिले अंगात बळ आले की आईच्या पाठीवरचे लांब केस धरून बसतात आणि ती त्यांना घेऊन हिंडते. वनरक्षकाने एकदा सांजावताना पाठीवर दोन पिले घेऊन ओढा ओलांडणारी अस्वलीण पाहिली होती. ते सांगताना त्याचा आवाज एकदम हळू झाला, जणू ती अजून ऐकते आहे.

बिबट आम्हांला दिसला नाही, अस्वलही नाही. वाचकांची निराशा होईल, पण इलाज नाही. दिसले ते एक भेकर, क्षणभर, आणि रोह्यांचा एक कळप. नीलगायीला इकडे रोही म्हणतात. नर घोड्याएवढा, राखी-निळा, आणि चेहऱ्यावर ‘तुम्ही इथे कसे?’ असा सरकारी प्रश्न. तो कळप अगदी सावकाश निघून गेला. या रोह्यांची गाठ संध्याकाळी पुन्हा पडायची होती, निराळ्या रीतीने.

दुपारी बाराच्या सुमारास नदी लागली. नदी म्हणजे डिसेंबरातली नदी : मोठमोठ्या काळ्या शिळा, त्यांच्यामधून निथळणारी एक धार, आणि कुठे कुठे कड्याच्या सावलीत साठलेले हिरवट डोह. दोन्ही अंगांना कडे चढत गेलेले. आकाशाचा एक लांबट तुकडा तेवढा वर. दरीच्या तळाशी आल्यावर मला प्रथमच जाणवले, की इथून घाटावरही दिसत नाही आणि घाटाखालीही दिसत नाही. भ्रमणध्वनीही मुका. दशम्या, ठेचा, शेंगांची चटणी आणि मामांनी आदल्या दिवशी शेगावहून आणलेल्या कचोऱ्या सोडल्या. शेगावची कचोरी गार झाली तरी तिची अब्रू जात नाही. डोहाच्या काठच्या ओल्या वाळूत पावलांचे ठसे होते. सांबर, मोर, तडस आणि एक गोल ठसा नखांवाचून. मांजरकुळातला प्राणी चालताना नखे आत ओढून घेतो. “बिबट,” वनरक्षक म्हणाला. चिरंजीवांनी विचारले, “वाघाचा नाही ना?” आणि मग, ज्यासाठी मी मनात हा प्रवास योजला होता, ती गोष्ट निघाली.

या जंगलात २०१९ च्या डिसेंबरात एक वाघ येऊन दाखल झाला. मूळचा तो इथला नव्हे. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचे अभयारण्य आहे; तिथल्या एका वाघिणीच्या तीन बछड्यांपैकी तो एक. शास्त्रज्ञांच्या वहीत त्याचे नाव टी-वन-सी-वन. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधण्यात आला. वयात आलेल्या नराला आईच्या मुलखात जागा नसते. पावसाळा लागताच, जूनमध्ये, तो निघाला. नकाशावर पट्टी ठेवली तर टिपेश्वर ते ज्ञानगंगा हे अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर भरेल. तो इथे पोहोचला तेव्हा १,३०० किलोमीटरांवर चालून झाला होता. कधी तेलंगणात शिरला, कधी मागे फिरला, पैनगंगेच्या काठची राने धुंडाळली, हिंगोली, वाशीम, अकोला अशा जिल्ह्यांतून वाट काढीत आला. इथे आल्यावरही तो आसपासच्या डोंगरांत हिंडतच होता. जून २०१९ ते मार्च २०२० या काळात त्याची एकूण चाल ३,००० किलोमीटरांच्या घरात गेली. भारतात एखाद्या वाघाने इतके चालल्याची याआधी नोंद नव्हती. लोकांनी त्याचे नाव ठेवले वॉकर. मामांनी तिथल्या तिथे त्याचे मराठी केले, ‘पायी दिंडी.’

विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की हा सगळा प्रवास त्याने जंगलातून केलेलाच नाही. कारण सलग जंगल मधे नाहीच. तो आला तो कापसाच्या शेतांतून, तुरीतून, नाल्यांच्या कडेच्या झुडुपांतून, रस्ते ओलांडून, आणि बहुतेक रात्री. दिवसा कुठल्यातरी झुडपात पडून राहायचे, अंधार पडला की निघायचे. रानडुक्कर, कधी गुरे मारून खायची. पट्ट्याने उपग्रहाला त्याचा ठावठिकाणा पाच हजारांहून अधिक वेळा कळवला. त्यामुळे आपल्याला तो कळला. खेड्यांतल्या माणसांना, तो जवळून गेला, हे पुष्कळदा कळलेही नाही. एकदाच, तो विसावला होता त्या झुडुपात माणसे शिरली तेव्हा, त्याच्याकडून एकाला किरकोळ इजा झाली. तीन हजार किलोमीटरांत एवढेच. आपल्याकडे तीन स्टेशनांच्या प्रवासात याहून अधिक होते.

आणि गंमत पाहा. टिपेश्वरच्या दक्षिणेला वाहते ती पैनगंगा. तिचा उगम इथे, बुलढाण्याच्या डोंगरात. म्हणजे ढोबळपणे म्हणायचे तर नदी ज्या दिशेने इथून जाते, त्याच्या उलट दिशेने हा वाघ वर आला, आणि आढा ओलांडून पलीकडच्या पागोळीत उतरला.

“पण तो एवढा कशाला चालला?” चिरंजीवांनी विचारले.

“जागा पाहिजे, पाणी पाहिजे, भक्ष्य पाहिजे,” वनरक्षक बोटे मोडत म्हणाला. “ते त्याला इथं मिळालं. आणि चौथं म्हणजे वाघीण पाहिजे. ती इथं नव्हती.”

“मग आणून का नाही दिली?”

सौभाग्यवती हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वनखात्यातही त्याचा अगदी गंभीरपणे विचार झाला होता. वाघीण आणून सोडावी, तर तिला पिले होणार. पिले दोन वर्षांत मोठी होणार, त्यांनाही आपापला मुलूख हवा. एका नर वाघालाच चांगली रेलचेल असली तरी साठ-सत्तर चौरस किलोमीटर लागतात, भक्ष्य कमी असेल तर शंभराच्या वर. ज्ञानगंगा सगळी मिळून २०५. भोवती शेते, आणि मधून वाहता रस्ता. मग ती पिले बापासारखीच निघणार. सगळीच काही बापासारखी सुखरूप पोहोचणार नाहीत. वाघीण आणू नये, तर हा इथे एकटाच म्हातारा होणार. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याच्या गळ्यातला पट्टा काढण्यात आला. वाघिणीविषयी हो-नाही चालू असतानाच त्याने आपल्यापुरता निकाल दिला. मार्च २०२१ मध्ये गौताळा-औट्रमघाटच्या अभयारण्यात झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात एका वाघाचे चित्र आले. अंगावरचे पट्टे ताडून पाहिले. माणसाच्या अंगठ्यासारखे वाघाचे पट्टेही कुणाचे कुणाशी जुळत नाहीत. तोच होता. याच अजिंठ्याच्या रांगेने पश्चिमेकडे तो चालत गेला होता.

“थो इथं होता तवा आम्ही रात्री बाहीर निघत नव्हतो,” वाटाडा बराच वेळाने म्हणाला. “पर एक सांगू का बाप्पा, त्याचा राग कुनाले नव्हता. लांबून आलेला पाव्हना होता थो.”

डोहात एक पान पडले. त्याची वर्तुळे काठापर्यंत जाईतो कुणी बोलले नाही. मामांना तर चक्क डुलकी लागली होती.

माझ्या मनात एक हिशेब चालू झाला. आम्ही सकाळपासून चालत होतो आणि हे जंगल आम्हांला पुरून उरले होते. सौभाग्यवतींना ते अफाट वाटत होते, चिरंजीवांना आफ्रिकेएवढे, मामांना तर गरजेपेक्षा जास्त. दरीच्या तळाशी बसले की कुणालाही असेच वाटेल. पण त्या वाघाने इथे चार महिन्यांत काठ न् काठ फिरून पाहिला असेल, आणि त्याच्या लेखी ती एक खोली होती. चांगली खोली : पाणी, हवा, सगळे होते. शेजारी मात्र कुणी राहत नव्हते, आणि शेजारच्या घरापर्यंत जायला अंगण नव्हते. सकाळी माथ्यावरून पाहिलेली सातपुड्याची ती निळी रेघ मला आठवली. सातपुड्याच्या पायथ्याचे अंबाबारवा हे मेळघाट व्याघ्रप्रकल्पात मोडणारे अभयारण्य याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. जिल्हा एक, डोंगर दोन, आणि मधे पूर्णेचे खोरे. आपल्याला ते कपाशीचे हिरवे रान दिसते. वाघाला ते कसे दिसत असेल?

उन्हे कलली. दरी आता रुंद होत चालली होती, कडे मागे सरत होते. सागाची जागा बाभळी-बोरींनी घेतली. एका वळणावर एकदम तुरीची शेते आली. शेंगांनी लगडलेली तूर, डोक्याच्याही वर, आणि मधे पिवळ्या फुलांचे उरलेसुरले झुबके. पाठीमागे जंगल, पुढे शेत, मधे एक काट्यांचे कुंपण. इतकी सरळ रेघ, की कुणी खडूने मारावी. अभयारण्यांच्या काठी असतो तो झगडा इथेही आहे, आणि तो वाघाचा नाही. तो रोह्यांचा आणि रानडुकरांचा आहे. कुंपणापलीकडे एका शेतकऱ्याने माळा बांधला होता. चार बल्ल्या, त्यावर फळ्या, वर तुराट्यांचे छप्पर. त्याने आम्हांला बोलावून तांब्याभर पाणी दिले आणि शेताची एक बाजू दाखवली. हरभरा होता तिथे. आता नुसते खुंट. रोह्यांनी दोन रात्रींत उरकला. डुकरे निराळी, ती खातात त्याहून अधिक लोळून नासतात.

“वाघ राह्यला असता तर रोही कमी झाली असती ना?” मेहुण्यांनी विचारले. ते शिक्षक आहेत. निसर्गाची साखळी त्यांना पाठ आहे.

शेतकरी थोडा वेळ हसला. “गुरुजी, तुमचं खरं हाये. पर वाघ रोह्याच्या माग आला की माह्या माळ्याखालूनच जाईल ना थो? रातभर वर मी. रोही आली त मले खाली उतरा लागते हाकलाले.” मग कुंपणाकडे पाहत म्हणाला, “यावं त्यानं. पर सांगून यावं.”

मेहुण्यांना उत्तर सुचले नाही. मलाही नाही.

वनरक्षक आणि वाटाडा इथूनच परतणार होते. अंधार पडायच्या आत त्यांना वरची चौकी गाठायची होती. वनरक्षकाने काठी खांद्यावर टाकली, चिरंजीवांच्या पाठीवर थाप दिली आणि दोघे पाचोळा वाजवीत झाडांत दिसेनासे झाले; पाचोळ्याचा आवाज मात्र नंतरही बराच वेळ येत राहिला. सडक अजून पाऊण कोस होती. मामा आता सर्वांच्या पुढे. त्यांना खामगावचा वास लागला होता. मागे वळून पाहिले तेव्हा शेतकरी माळ्यावर चढत होता. काखेत गोधडी, हातात विजेरी, दुसऱ्या हातात रॉकेलचा जुना पत्र्याचा डबा आणि तो बडवायला एक दांडके. वर पोहोचल्यावर त्याने डबा एकदा वाजवून पाहिला. दरीतून त्याचा आवाज परत आला.